तो नसताना जिंकलेले सामने

“मावशी, खरं सांगू? शेंगून नाही तेच बरं चाललंय.”

भाच्याचा हा मेसेज २०२४ च्या मार्चअखेरीस आला, सकाळच्या पहिल्या चहाच्या वेळी, आणि दिवसभर डोक्यातून जाईना. भाचा ह्यूस्टनजवळ शुगरलँडला राहतो. ह्यूस्टन रॉकेट्स या एनबीएतल्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) संघाचे सामने बघायची गोडी मला त्यानेच लावली आणि आल्पेरेन शेंगून या तुर्की पोराचं वेड आम्हा दोघांना बरोबरच लागलं. ५ मार्चला भाचा रॉकेट्सच्या घरच्या कोर्टवर, टोयोटा सेंटरमध्ये होता. सामना संपल्यावर त्याने व्हॉइस नोट पाठवली. ओरडून ओरडून घसा बसलेला, मागे गर्दीचा कल्लोळ, गाड्यांचे हॉर्न. “पंचेचाळीस, मावशी! पंचेचाळीस!” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याच मुलाने महिना संपायच्या आत हे लिहावं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. डोळ्यांना जे दिसत होतं ते त्याने लिहिलं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

५ मार्चचा तो सामना मी नंतर सवडीने, थांबवत थांबवत पाहिला. समोर सॅन अँटोनिओचा संघ आणि त्यात व्हिक्टर वेम्बान्यामा. सात फूट चार इंच उंची, दोन्ही हात पसरले की आठ फूट. त्याच्या डोक्यावरून बॉल टाकायचा विचारही भले भले करत नाहीत. शेंगून त्याच्यापेक्षा चांगला पाच इंचांनी बुटका, उडीही बेताची. पण या पोराचं सगळं कसब जमिनीवर आहे. रिंगच्या बाजूला, रिंगकडे पाठ करून तो उभा राहतो. बॉल हातात आला तरी घाई नाही. आधी खांद्याने मागच्याचा अंदाज घेतो. एक धक्का, जरासं थांबणं, मग दुसरा धक्का. मागचा माणूस ज्या क्षणी अंगावर रेलतो, त्या क्षणी याचा आतला पाय वळलेला असतो. मान एकीकडे, खांदा दुसरीकडे आणि बॉल तिसरीकडेच. उंच माणसाला हात वर न्यायला थोडी मोकळी जागा लागते. शेंगून थेट त्याच्या छातीशी जाऊन भिडतो आणि ती जागाच शिल्लक ठेवत नाही. मग बोटांच्या टोकांवरून बॉल अलगद बोर्डावर टेकवतो. त्या रात्री ४५ गुण, १६ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेला बॉल) आणि पाच वेळा समोरच्याच्या हातून काढून घेतलेला बॉल. तेव्हा त्याचं वय एकवीस.

पाचच दिवसांनी, १० मार्चला, सॅक्रामेंटोच्या कोर्टवर सामना जवळजवळ हातात आलेला असताना तो एक शॉट अडवायला वर गेला आणि खाली येताना उजवा पाय वेडावाकडा पडला. आपल्याकडे सोमवारची सकाळ होती. तो फरशीवर पडून दोन्ही हातांनी तोंड झाकतोय, एवढं पाहूनच मी लॅपटॉप मिटला. घोट्याचे लिगामेंट फाटले होते आणि गुडघ्याच्या हाडालाही मार बसला होता. तो सामना रॉकेट्सनी जिंकला. शेंगूनचं ते वर्ष मात्र तिथेच संपलं.

आणि मग संघ जिंकतच सुटला.

एकूण सलग अकरा विजय. त्यांतले पहिले दोन त्याच्या पायावरचे, बाकी सगळे तो नसतानाचे. मोठा सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा उंच गडी, नाही म्हणून कोच इमे उडोका यांनी जबारी स्मिथला रिंगखाली उभं केलं. अमेन थॉम्पसनला मोकळं सोडलं आणि पाचही जण वाऱ्यासारखे धावू लागले. रिंगखालची जागा रिकामी झाल्याबरोबर जेलन ग्रीनला आत घुसायला वाट मिळाली. वॉशिंग्टनविरुद्ध त्याने ४२ गुण काढले. ओक्लाहोमा सिटीसारख्या तगड्या संघाला त्यांच्याच घरी ओव्हरटाइममध्ये हरवलं तेव्हा ३७. बघायला सुंदर होतं, हे मी नाकारत नाही. समोरच्या संघांत वॉशिंग्टन, पोर्टलंड, युटा असे त्या वर्षी तळाला गेलेले संघ बरेच होते, हेही खरं. पण हे दुसरं मी भाच्याला कळवलं तेव्हा मला माझाच सूर आवडला नाही. संघ माझाच जिंकत होता. प्रत्येक विजयावर मी टाळ्या वाजवत होते आणि त्याच वेळी मनातल्या मनात त्या विजयात खोट शोधत होते. जिथे तिथे एकच चर्चा होती: शेंगून असला की खेळ मंदावतो का? हा संघ त्याच्याशिवायच चांगला आहे का? आठवडाभरापूर्वी ज्याला भविष्य म्हणत होते, त्याच्याविषयी. आणि तो कुठेतरी पाय उंच ठेवून, बर्फाची पिशवी लावून हे सगळं पाहत असणार. मला ते सामने बघताना राहून राहून कोर्टऐवजी ती खोलीच दिसायची.

मी स्वतः सेंटर खेळले आहे, म्हणून कदाचित मला हे जास्त लागलं. नागपूरला शाळेत असताना आठवीतच माझी उंची बाईंच्या वर गेली होती आणि तेवढ्या एका गुणावर मला संघात घेतलं गेलं. सिमेंटचं कोर्ट मार्चपासूनच तापायला लागायचं. कॅनव्हासच्या बुटांतून तळव्यांना चटके बसायचे. कॉस्कोचा रबरी बॉल वापरून वापरून इतका गुळगुळीत झालेला की घामेजल्या हातांतून निसटायचा. रिंगला जाळी नव्हती, त्यामुळे बॉल आतून गेला की बाहेरून यावर रोज भांडणं. पुढे खेळणाऱ्या मुलींना सर कितीतरी गोष्टी शिकवायचे: ड्रिबल, ले-अप, पास कधी द्यायचा, कधी रोखायचा. माझ्या वाट्याला एकच वाक्य यायचं: “तू रिंगखाली उभी राहा आणि हात वर ठेव.” मी उभी राहायचे. बॉल बोर्डावर आदळून आला की पकडायचा आणि लगेच कुठल्यातरी बुटक्या, चपळ मुलीच्या हातात द्यायचा. मग ती पळत सुटायची, लोक तिच्या नावाने ओरडायचे आणि मी धापा टाकत मागून पोचेपर्यंत बास्केट झालेली असायची. ते काम मला आवडायचंही. फार आवडायचं. फक्त बॉल हातात असताना डोकं चालवायची मुभा सेंटरला असते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. शेंगून रिंगकडे पाठ करून उभा राहतो आणि कोपऱ्यातून धावत येणाऱ्या सोबत्याला न बघता पाठीमागून पास देतो, तेव्हा मला त्या तापलेल्या सिमेंटवरची ती उंच मुलगी दिसते. तिला हे बघायला मिळायला हवं होतं.

तो काळ्या समुद्राकाठच्या गिरेसुन गावचा. आपल्याकडे गाडीच्या पाटीवर एमएच-१२ दिसलं की पुणं, एमएच-३१ दिसलं की नागपूर, तसा तुर्कस्तानात गिरेसुनचा आकडा २८. शेंगूनच्या जर्सीवर हाच २८ आहे. परमुलखात रस्त्यावर एमएच-३१ ची पाटी दिसल्यावर काय होतं, ते आम्हा नागपूरकरांना ठाऊक आहे, त्यामुळे हा आकडा कळला त्या दिवशी तो मला आणखी जवळचा झाला. लहान वयातच तो खेळासाठी घर सोडून बांदर्माला गेला. तिथून इस्तंबूलच्या बेशिक्ताश क्लबात, आणि अठराव्या वर्षी तुर्की लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तिथे दाढीमिशा पिकलेले, अंगाने आडदांड गडी खेळतात आणि या मिसरूड फुटलेल्या पोराने त्यांना पायांच्या हालचालींवर खेळवलं. तरीही २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याचं नाव सोळाव्या क्रमांकापर्यंत आलं नाही. उडी कमी, पाय मंद, बचाव कच्चा, हा सगळ्यांचा शेरा. ओक्लाहोमा सिटीने त्याला निवडलं आणि भविष्यातल्या दोन पहिल्या फेरीच्या निवडींच्या बदल्यात ह्यूस्टनला दिलं. त्याच ड्राफ्टमध्ये ह्यूस्टनने दुसऱ्या क्रमांकावर ग्रीनला घेतलं होतं. दोघे एकाच दिवशी एकाच घरात आले, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवं.

आणि घर तरी कुठलं! सेंटर म्हणून खेळणाऱ्या कुणाही मुलाने दबकून पाऊल टाकावं असं. मोझेस मलोन इथे खेळला आणि १९७९ व १९८२ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. मग राल्फ सॅम्पसन, आणि १९८४ मध्ये संघात आलेला, मूळचा लागोसचा हकीम ओलाजुवान. तो आधी हँडबॉल खेळायचा आणि फुटबॉलमध्ये गोलरक्षक होता. त्या गोलरक्षकाच्या पायांतून जे नृत्य उमटलं त्याच्या जोरावर ह्यूस्टनने १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली. मग २००२ मध्ये याओ मिंग. त्याच्या पायाची हाडं त्याच्या उंचीचा भार पेलू शकली नाहीत आणि २०११ मध्ये, अवघ्या तीस वर्षांचा असताना, त्याला थांबावं लागलं. याओचा विचार मनात आला की मला अजूनही हळहळ वाटते. ह्यूस्टनच्या लोकांना सेंटरचा पाय दुखावला म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगायची गरज नाही.

पण याच ह्यूस्टनने एकदा सेंटर हा प्रकारच मोडीत काढला. फेब्रुवारी २०२० मध्ये सेंटर क्लिंट कपेलाला अटलांटाला पाठवून दिलं आणि सहा फूट पाच इंचांच्या पी. जे. टकरला रिंगखाली उभं केलं. तेव्हाचा हिशेब साधा होता: तीन गुणांचे शॉट जास्त टाका, उंच माणूस पोसण्यात अर्थ नाही. हिशेबात चूक काढता येत नव्हती, तरी ते सामने मी अर्धवट सोडून द्यायचे. रिंगखाली कोणी नाही, पाठीवर भार घेणारं कोणी नाही, सगळे लांबून नेम धरून उभे. पुढच्या जानेवारीत संघाचा मुख्य खेळाडू जेम्स हार्डन गेला, संघ कोसळला, सलग वीस सामने हरला. वर्षाअखेर सतरा विजय आणि पंचावन्न पराभव. त्या पडझडीत हा जुन्या वळणाचा, पाठ फिरवून खेळणारा मुलगा येऊन दाखल झाला. ज्या जागेची गरज नाही असं ठरवून झालं होतं, नेमक्या त्या जागेवर.

लगेच ती त्याला मिळाली असंही नाही. पहिल्या वर्षी डॅनियल थाइस आणि क्रिस्चन वुड पुढे, हा बेंचवर. सामन्याला जेमतेम वीस मिनिटं मिळायची. त्या मिनिटांत तो चार वेडे पास द्यायचा, त्यांतले दोन प्रेक्षकांत जायचे आणि दोन असे पोचायचे की समालोचकांना हसू आवरायचं नाही. थाइस त्याच हंगामात गेला, मग वुडही गेला, तरी दुसऱ्या वर्षीच्या पहिल्या सामन्याला ब्रुनो फर्नांडोच सुरुवातीच्या पाचांत. काही दिवसांतच ती जागा शेंगूनकडे आली, पण संघ तोवर इतका खचलेला होता की साठ सामने हरला. मग २०२३ च्या उन्हाळ्यात उडोका आले, फ्रेड व्हॅनव्लीट आणि डिलन ब्रूक्स आले, आणि बातम्या अशा की मिलवॉकीचा ब्रूक लोपेझही येणार. लोपेझ म्हणजे बचावातला कसलेला, अनुभवी सेंटर. तो आला असता तर शेंगून पुन्हा बेंचवर. लोपेझ अखेर मिलवॉकीतच राहिला. एका माणसाने शेवटच्या घटकेला घर न सोडायचं ठरवलं आणि दुसऱ्याला कोर्ट मिळालं, इतकं हे नाजूक असतं. पुढचं सगळ्यांनी पाहिलं. सरासरी २१.१ गुण, ९.३ रिबाउंड आणि पाच असिस्ट, म्हणजे सोबत्याला बास्केट मिळवून देणारे पास. खेळलेले त्रेसष्टच्या त्रेसष्ट सामने सुरुवातीच्या पाचांत. आधीच्या वर्षी बावीस सामने जिंकलेला संघ एक्केचाळीसवर गेला. उडोका वरवरचं कौतुक करणारे नाहीत. पाय हलले नाहीत तर ते भर सामन्यात बाहेर बसवतात, आणि शेंगूनला त्यांनी बसवलंही. बचावात तो हळूहळू सुधारत होता, आणि सुधारणारा माणूस बघण्यात मला जे सुख मिळतं ते तयार माणूस बघण्यात नाही मिळत.

तेवढ्यात तो पाय.

मेसेज आला त्या दिवशी मला सारखी आईची आठवण येत होती. काही वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, मधल्या खोलीत पलंग टाकला. त्या पलंगावरून स्वयंपाकघर दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. पहिले दोन दिवस घर विस्कटलं. मग बाबा चहा करायला शिकले, चहापूड आधी की साखर आधी हे विचारायचे थांबले. वहिनीने भाजीवाल्याशी बोलणी केली, दूध उतू जायचं बंद झालं, डबे वेळेवर निघू लागले. आई कुकरच्या शिट्ट्या मोजायची. फोडणीत मोहरी तडतडली की मान किंचित वळवायची, हिंग पडला की नाही ते वासावरून तिला कळायचं. एकदा दुपारी तिने मला विचारलं, “कोथिंबीर निवडून ठेवली का गं?” मी म्हटलं, “ठेवली. तू कशाची काळजी करू नकोस, सगळं अगदी व्यवस्थित चाललंय.” तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. तिला बरं वाटलंही. आणि त्याच क्षणी तिने तोंड भिंतीकडे केलं. तिच्या पाठीला हात लावावा की नको, हे मला कळेना. इतकी वर्षं ज्या घराला ‘मी नसले तर काय होईल’ म्हणत तिने एक रात्रही परगावी काढली नव्हती, ते घर ती नसताना चालत होतं. तिनेच चालायला शिकवलेलं घर होतं ते, पण हे तेव्हा तिला कोण सांगणार?

काठी टेकत ती पुन्हा स्वयंपाकघरात आली तेव्हा तिने सगळं परत ताब्यात घेतलं नाही. मला वाटलं होतं घेईल. ओट्याशी एक स्टूल ठेवलं, त्यावर बसून ती भाजी चिरू लागली. वहिनीच्या हातची आमटी चाखून “मीठ बरोबर आहे” म्हणू लागली. दिवाळीच्या अनारशांच्या पिठाला मात्र कोणाला हात लावू दिला नाही. आमच्या घरातलं जेवण त्यानंतरच्या वर्षांत अधिक चांगलं झालं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आधी एकटीची चव होती, आता दोघींची.

शेंगून २०२४-२५ च्या हंगामात परत आला तेव्हा मी त्याच्या पायांकडेच बघत होते. पहिले काही सामने त्याचं खाली उतरणं जरा जपून व्हायचं, निदान मला तसं वाटायचं. हंगाम सुरू होतानाच संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा, साडेअठरा कोटी डॉलर्सचा करार केला होता. म्हणजे मार्चमध्ये जी चर्चा झाली तिला संघाचं उत्तर लेखी मिळालं होतं. पण खरं उत्तर मला आकड्यांत दिसलं, आणि ते माझ्या अपेक्षेच्या उलट होतं. त्याचे गुण वाढले नाहीत, कमी झाले: २१.१ वरून १९.१. रिबाउंड वाढले, १०.३. ज्या बचावासाठी त्याला सोळाव्या क्रमांकापर्यंत ताटकळत ठेवलं होतं, तो बचाव आता रिंगखाली ठाण मांडून होऊ लागला. तो नसताना संघाने जो वेग कमावला होता तो त्याने मोडून काढला नाही. थॉम्पसन पळायला लागला की तो बॉल आधीच पुढे फेकून द्यायचा आणि मागून सावकाश यायचा. संघ बावन्न सामने जिंकला, लीगच्या पश्चिम विभागात दुसरा आला, आणि शेंगून पहिल्यांदा ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात गेला. आदल्या वर्षीपेक्षा कमी गुण काढून.

मग प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, गोल्डन स्टेटसमोर उडोकांनी जे केलं ते पाहून मी खुर्चीतून उठले. स्टीव्हन ॲडम्स आणि शेंगून, दोघेही एकाच वेळी कोर्टवर. दोन सेंटर! सॅम्पसन आणि ओलाजुवान यांच्या दिवसांनंतर ह्यूस्टनमध्ये असं दांडगं दृश्य क्वचितच दिसलं असेल. ॲडम्स अंगाने अडवायचा, वाट मोकळी करायचा, उसळलेला बॉल पुन्हा पुन्हा हिसकावून आणायचा. त्यामुळे शेंगूनला श्वास घ्यायला, मान वर करून कोर्ट बघायला सवड मिळायची. सात सामन्यांच्या मालिकेत एक विरुद्ध तीन अशा पिछाडीवरून त्यांनी तीन-तीन बरोबरी केली आणि सातवा सामना आपल्याच घरी गमावला. ती हार मला अजून जाचते. स्टेफन करी आणि त्याच्या सोबत्यांचा अनुभव एकीकडे आणि हे पोरसवदा पाय दुसरीकडे. 

आणि त्या उन्हाळ्यात जेलन ग्रीन गेला. केव्हिन ड्युरंटला आणण्यासाठी रॉकेट्सनी त्याला आणि ब्रूक्सला फिनिक्सला पाठवलं. बातमी वाचून मला आनंद झाला नाही. ज्या ग्रीनच्या त्या मार्चमधल्या खेळावर मी मनात खोट काढत होते, ज्याच्या प्रत्येक चमकदार रात्रीचा अर्थ ‘शेंगून नको’ असा लावला जात होता, त्यालाच निरोप. त्याने काय वाईट केलं होतं? संघातला मोठा गडी पडला, तेव्हा भार अंगावर घेतला आणि धावला. एकाच ड्राफ्टच्या दिवशी आलेल्या दोन मुलांना कुणी एकमेकांचे वजनमाप करून ठेवलं होतं, त्यांनी स्वतः नाही. भाच्याने त्या दिवशी ग्रीनचा जुना जर्सी घातलेला स्वतःचा फोटो पाठवला, सोबत एकही शब्द नाही. मी त्याला खूप वेळ उत्तर दिलं नाही. नंतर फोनच केला. ग्रीनच्या त्या ४२ गुणांच्या सामन्याबद्दल आम्ही बोलत बसलो, आणि मी तो सामना तेव्हा नीट, मोकळ्या मनाने पाहिला नव्हता याचं मला वाईट वाटलं.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये युरोबास्केट, म्हणजे युरोपातल्या देशांची बास्केटबॉल स्पर्धा, झालं. तुर्की संघाच्या खेळाचा सगळा ओघ शेंगूनच्या हातांतून वाहत होता. गटात त्यांनी निकोला योकिचच्या सर्बियाला हरवलं. पास देणारा सेंटर म्हटलं की आज जगात पहिलं नाव योकिचचंच येतं आणि ‘छोटा योकिच’ हे बिरूद शेंगूनला पोरवयापासून चिकटलेलं. ते बिरूद मला कधीच रुचलं नाही. योकिच लांबून कोर्ट वाचतो, शेंगून अंगाला अंग लागल्यावर वाचतो, दोघांची जात वेगळी आहे. लाटव्हियातल्या रिगा शहरात झालेल्या अंतिम सामन्यात जर्मनीने तुर्कस्तानला ८८-८३ असं नमवलं. शेंगूनचे गुण २८, जर्सीवरच्या आकड्याइतकेच. हरल्यावर गळ्यात रुपेरी पदक घालून उभा होता तेव्हा त्याचा चेहरा रागीट होता. मला तो राग आवडला. पदक मिरवायचं वय आहे, पण त्याला ते सोनं नाही हे दिसत होतं.

त्याच महिन्यात व्हॅनव्लीटच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. संघाला खेळवणारा, बॉल पुढे आणणारा, गोंधळात सगळ्यांना जागेवर आणणारा माणूस नवा हंगाम सुरू होण्याआधीच बाहेर. बातमी कळली तेव्हा पहिल्यांदा व्हॅनव्लीटसाठीच जीव कळवळला. तिशी ओलांडलेल्या गुडघ्याचं दुखणं सोपं नसतं. मग लक्षात आलं की आता बॉल सतत शेंगूनच्या हाती येणार. कुणाच्या तरी नसण्यातून त्याच्याकडे हे काम आलं होतं, आणि व्हॅनव्लीट घरी पाय उंच ठेवून बघत असणार.

सुरुवातीचा सामना आपल्याकडे पाडव्याच्या पहाटे पाचला होता, ओक्लाहोमा सिटीत, गतविजेत्यांसमोर. घरात उटण्याचा वास, स्वयंपाकघरात तेल कोमट होत होतं, आणि मी आवाज बारीक करून लॅपटॉपसमोर. सुरुवातीच्या पाचांत शेंगून आणि ॲडम्स दोघेही होते, त्यांच्याबरोबर थॉम्पसन, स्मिथ आणि ड्युरंट. शेंगून बॉल पुढे आणत होता, वर्तुळाच्या माथ्यावर उभा राहून ड्युरंटला कुठे जायचं ते हाताने दाखवत होता. ज्या शॉटबद्दल सगळे ‘त्याला जमत नाही’ म्हणायचे ते तीन गुणांचे शॉट त्याने पाच वेळा बास्केटमध्ये घातले. ३९ गुण. एक ओव्हरटाइम, मग दुसरा, तोवर आई दोनदा विचारून गेली की आंघोळीला बसणार आहेस की नाही, आणि दुसऱ्यांदा विचारायला आली ती काठी बाजूला टेकवून माझ्याशेजारी बसूनच राहिली. रॉकेट्स एका गुणाने हरले, १२४-१२५. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) अजून त्याच्या हुकतात, दमला की बचावात पाय ओढत येतात, आणि शेवटच्या मिनिटात पास द्यायचा की स्वतः जायचं याचा निर्णय अर्ध्या क्षणाने उशिरा होतो. हे तिन्ही सुधारण्यासारखं आहे, आणि त्या पहाटे तो तेवीस वर्षांचा होता.